चोवीस थोर की एकवीस?

आमच्या दाजींनी एक तक्ता केला आहे. तो प्रथम मोबाइलवरून आला. मी काही बोललो नाही म्हणून पुन्हा आला. तरीही मी गप्पच, हे पाहून त्यांनी तो कागदावर छापून, घडी घालून, स्वतः आणून दिला. डाव्या रकान्यात कॅनन आर ५०, उजव्या रकान्यात निकॉन झेड ३०, आणि खाली एकतीस ओळी. ज्या ओळीत जो कॅमेरा वरचढ त्याच्यापुढे हिरवी खूण. शेवटी बेरीज : कॅनन पुढे, निकॉन मागे.

"झाला निकाल," दाजी म्हणाले. "आता दुकानात जायचं आणि उचलून आणायचा."

मला या तक्त्याशी भांडायचे आहे. दाजींशी नव्हे. ते माझ्यापेक्षा वडील आहेत, शिवाय भाऊबीजेला आक्काच्या हातचे जेवायला त्यांच्याच घरी जायचे आहे. पण हा तक्ता काही एकट्या दाजींचा नाही. दिवाळी जवळ आली की घरोघरी असे तक्ते मांडले जातात आणि त्यांच्यावर भरवसा ठेवून पाऊण लाखाच्या आतबाहेरचे व्यवहार होतात. माझे म्हणणे असे की, पहिला कॅमेरा घेणाऱ्या माणसाला हा तक्ता जितका फसवितो तितके दुसरे कोणी फसवीत नाही. दुकानदारसुद्धा नाही, त्याचा स्वार्थ निदान उघड असतो.

कॅमेरा कोणासाठी घ्यायचा ते आधी सांगतो, कारण तक्त्यात ती ओळच नव्हती. तो माझ्या भाचीला हवा आहे. दोन वर्षे शिकवण्या करून तिने पैसे साठविले आहेत. तिचे आजोबा, म्हणजे दाजींचे वडील, यांना सगळा गाव आबा म्हणतो. पन्हाळ्याच्या बाजूला त्यांचे गुऱ्हाळ आहे. गेली काही वर्षे आबा दर हंगामाच्या शेवटी 'आता बास' म्हणतात आणि पुढच्या हंगामाला पुन्हा चुलवाण पेटवितात. यंदा मात्र त्यांचे गुडघे खरोखरीच गेले आहेत. जळण घालायला माणूस मिळत नाही, गुळव्या मिळाला तर टिकत नाही, आणि ऊस तोडून कारखान्याला घातला की डोक्याला ताप नाही. आमच्या जिल्ह्यात एकेक करून गुऱ्हाळे याच कारणांनी थंड झाली. तेव्हा हा हंगाम शेवटचा असू शकतो.

"मामा, ह्या वर्षी मी रोज पहाटे जाणार. सगळं टिपून ठेवतो," भाची म्हणाली. (आमच्याकडे मुलीही 'मी जातो, मी येतो' असेच बोलतात; पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.)

गुऱ्हाळ आत कसे असते हे ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगायला हवे. वर पत्रा, तोही वर्षानुवर्षांच्या धुराने काळा. मध्ये काहील, खाली चिपाडांचा जाळ, वर वाफ. एकदोन दिवे असतात, पण वाफेत ते पाण्यात बुडाल्यासारखे दिसतात. आणि त्या अंधारात माणसे सारखी हलत असतात. मळी काढणारा हात, रस ढवळणारा हात, पाक झाला की काहील उचलून वाफ्यात ओतण्याची ती एका दमातली धांदल! पाक आला की नाही हे गुळव्या पाण्यात थेंब टाकून बोटांनी पाहतो. ते एक क्षणाचे काम. फोटो हवा तो त्याच क्षणाचा.

आता हा देखावा डोळ्यांपुढे ठेवा आणि तक्त्याची पहिली ओळ वाचा : मेगापिक्सेल. कॅनन २४.२, निकॉन २०.९. हिरवी खूण कॅननला.

"अहो, चोवीस जास्त का एकवीस जास्त, एवढं तरी मान्य आहे न्हवं?" दाजींनी मला कोंडीत पकडले.

मान्य आहे. पण किती जास्त? कॅननचा फोटो रुंदीला ६००० ठिपके, निकॉनचा ५५६८. म्हणजे रुंदीत शंभराला आठाचाही फरक नाही. दिवाणखान्यात लावायचा मोठा फोटो आपण करून घेतो तो १२ बाय १८ इंचांचा. अगदी बारीक छपाईसाठी इंचाला तीनशे ठिपके धरले तर त्याला लागतात ५४०० बाय ३६००. दोन्ही कॅमेरे ते देतात आणि वर उरवतात. मग ही हिरवी खूण कशाची? लग्नाला हजार माणसांचे जेवण केले काय आणि अकराशेंचे केले काय, पंगतीला आठशे बसणार असतील तर आचाऱ्याचे कौतुक भाताच्या ढिगावरून करीत नाहीत.

वजनाची ओळ अशीच. बॅटरी आणि कार्डासकट कॅनन ३७५ ग्रॅम, निकॉन ४०५. तीस ग्रॅमसाठी एक हिरवी खूण! दर सेकंदाला किती फोटो निघतात ही आणखी एक ओळ. कॅननचे बारा, निकॉनचे अकरा. जो माणूस सेकंदात बारा फोटो काढतो तो रात्री घरी येऊन त्यांतले अकरा पुसतो, हे त्या ओळीत लिहिलेले नसते. व्हिडिओच्या सात ओळी होत्या, त्या मी वाचल्या नाहीत. भाचीला सिनेमा काढायचा नाही.

खरी गोष्ट अठराव्या ओळीत बारीक अक्षरांत लपलेली होती. तीत कुठल्याच रकान्यात खूण नव्हती. 'सोबतची लेन्स : कॅनन १८-४५, एफ ४.५ ते ६.३. निकॉन १६-५०, एफ ३.५ ते ६.३.' दाजींना ते आकडे कळले नाहीत म्हणून त्यांनी दोघांना समसमान सोडून दिले. सगळा कॅमेरा या ओळीत आहे.

मी आयुष्यभर चित्रकलेचा मास्तर होतो आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाचे फोटो काढीत असे. माझा पहिला कॅमेरा पेंटॅक्स के १०००, १९८४ साली दुसऱ्याच्या हातचा घेतलेला. त्याला मिटर सोडले तर वीज लागत नसे, आणि त्याच्यासोबत जी लेन्स येई ती ५० मिलिमीटरची, तोंड एफ २ इतके उघडणारी. त्या काळी साध्यातल्या साध्या कॅमेऱ्याबरोबर अशीच लेन्स मिळे; एफ १.८ किंवा २. हा आकडा जितका लहान तितके लेन्सचे तोंड मोठे आणि तितका उजेड आत अधिक. आज नव्या कॅमेऱ्याबरोबर जी 'किट' लेन्स गळ्यात मारतात ती झूम असते, पुढेमागे सरकते, दिसायला सोयीची. पण तिला पूर्ण ओढली की तोंड मिटून एफ ६.३ होते. १.८ च्या मानाने उजेड किती कमी? बारावा हिस्सा! एका दिव्याऐवजी बारा दिवे लावून मग फोटो काढायचा, इतका हा फरक आहे. चाळीस वर्षांत सेन्सर आला, आरसा गेला (मिररलेस म्हणतात ते यालाच, पूर्वी लेन्समागे आरसा असे आणि बटण दाबले की तो खटकन वर जाई), यंत्र माणसाचा डोळा ओळखू लागले. आणि या सगळ्या प्रगतीच्या तोंडाला आपण एवढेसे भोक ठेवले!

गेल्या हंगामात आबांच्या गुऱ्हाळात मी उजेड मोजला होता. हलणारा हात गोठवायला सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग धरला आणि लेन्स एफ १.८ ठेवली, तर आयएसओ १६०० वर काम भागत होते. तोच फोटो ६.३ वर काढायचा तर आयएसओ वीस हजारांच्या जवळ न्यावा लागतो. तेवढ्यावर गुळव्याच्या चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखी कणी दिसते. आयएसओ वाढवायचा नसेल तर शटर सेकंदाच्या दहाव्या भागावर आणा. म्हणजे हात जाऊन त्याच्या जागी पांढरा पट्टा येतो. "पण लेन्सला स्थिरता आहे की!" दाजींनी तिसाव्या ओळीवर बोट ठेवले. आहे. ती फोटो काढणाऱ्याचा हात सावरते. गुळव्याचा हात तिला कसा सावरेल?

म्हणून माझे पहिल्या कॅमेऱ्याविषयीचे मत सरळ आहे. दोन बॉड्यांची तुलना करूच नका. त्या एकाच पिढीच्या आहेत. कॅननची २०२३ ची, निकॉनची २०२२ ची. आतला सेन्सर जवळपास तेवढ्याच आकाराचा, आणि घरच्या माणसाला वर्षभरात यांतला जो फरक जाणवेल तो बोटांच्या सवयीचा. धावत्या पोराच्या मागे कॅननची नजर अधिक चिवट आहे, निकॉनची मूठ हातात अधिक भरते, एवढे मी कबूल करतो. तुलना करायची तर मनातल्या फोटोला लागणाऱ्या लेन्सची करा, आणि ती ज्या कॅमेऱ्यावर नीट आणि परवडेल अशी बसते तो कॅमेरा घ्या. लेन्स आधी, कॅमेरा मागून. आपण उलटे करतो. घोडा निवडतो खोगिरावरून, आणि खोगीरही फुकट मिळाले म्हणून!

फुकटावरून आठवले. दाजींनीच २०१३ च्या दिवाळीत एक मोठा आरशाचा कॅमेरा घेतला होता. त्यासोबत बॅग फुकट, तिपाई फुकट, कार्ड फुकट. चार वाढदिवस, एक गोव्याची सहल, आणि मग तो त्या फुकटच्या बॅगेतून कपाटात गेला. यंदा भाचीने तो बाहेर काढला तेव्हा लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. आमच्याकडचा पाऊस म्हणजे जूनपासून भिंतीला हात लावला तर ओला होतो. अशा हवेत जाड कापडाची बॅग हे बुरशीचे माहेरघर. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्या शेदोनशेच्या खर्चात ती लेन्स वाचली असती. रोज वापरली असती तर तोही खर्च नको होता. त्या कॅमेऱ्यालाही तेव्हा तक्त्यात पहिला नंबर मिळाला होता, हे मी आक्कासमोर बोललो नाही. येथे छापतो आहे, हे वेगळे.

आणि हे सारे कोल्हापुरात चालते! खरी कॉर्नरला आमच्या गावाने कॅमेऱ्याचा स्तंभ उभारला आहे. १ डिसेंबरला त्याला हार पडतो, भाषणे होतात. ज्यांच्या नावाने हे होते त्या बाबूराव पेंटरांपुढे निवडीला दोन कॅमेरे नव्हते. एकही नव्हता. आनंदराव पेंटरांबरोबर त्यांनी सिनेमाच्या यंत्राचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, आणि दामल्यांना हाताशी घेऊन बाबूरावांनी गावातच कॅमेरा घडविला. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. हा इतिहास इथल्या प्रत्येक पोराला पाठ असतो. पण त्यावरून जो तो छाती काढून चालतो तेव्हा मला एक शंका येते. कॅमेरा घडविणाऱ्याला आधी हे ठरवावे लागते की या यंत्राने नेमके करायचे काय. उजेड कुठून येणार, किती येणार, किती वेळ येणार. आम्ही त्यांचे वारस म्हणवितो आणि हे तीन प्रश्न सोडून बाकी एकतीस विचारतो.

'अहो, पण हल्ली मोबाइलमध्ये सगळे होते, कॅमेरा हवाच कशाला?' असे म्हणणारा एक पक्ष आहे. त्या पक्षाशी माझे फारसे भांडण नाही. वाढदिवस, सहल, दारातली रांगोळी, यांना मोबाइल पुरतो आणि पुरावा. ज्यांना एवढेच करायचे आहे त्यांनी पाऊण लाख वाचवावेत, हे मी दुकानदारांचा रोष पत्करून सांगतो. पण मोबाइलचे भिंग आणि त्यामागचा सेन्सर नखाएवढा; अंधारात तो चारसहा फोटो एकावर एक रचून उजेड गोळा करतो. स्थिर देवळाला ते चालते. हलत्या माणसाला चालत नाही. हात कुठेतरी विरघळतो, आणि मग यंत्र आपल्या मनाने गालावरचे सुरकुतलेले कातडे गुळगुळीत करते. आबांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या काढून टाकायच्या असतील तर फोटो काढायचाच कशाला?

इतके बोलून मी भाचीला घेऊन दुकानात गेलो. तक्ता घरी ठेवला, स्वतःचे कोरे कार्ड बरोबर घेतले. दोन्ही कॅमेऱ्यांत तेच कार्ड चालते. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या बाजूला जिना होता, तिथे एका पोऱ्याला चढउतार करायला लावून दोन्हींनी फोटो काढायचे, असा बेत. दुकानदार भला माणूस. "साहेब, किटमध्येच घ्या, दिवाळीची ऑफर आहे," म्हणाला. मी नुसत्या बॉडीची चौकशी केली तेव्हा कट नसलेली मिसळ मागितल्यासारखे त्याने माझ्याकडे पाहिले.

माझा कौल मनातून कॅननला होता. आकड्यांमुळे नव्हे, त्याला डोळा लावायची खिडकी आहे म्हणून. निकॉन झेड ३० ला ती नाही. मागच्या पडद्यावर पाहूनच सगळे करायचे. चाळीस वर्षे खिडकीला डोळा लावलेल्या माणसाला ते तान्ह्या पोराला धोतर नेसविल्यासारखे वाटते. शिवाय आमच्याकडचे दुपारचे ऊन! उसाच्या फडात तो पडदा आरशासारखा चमकेल आणि काही दिसणार नाही. हे सगळे मी भाचीला ऐकविले. दुकानदारही मान डोलवीत होता.

भाचीने दोन्ही कॅमेरे हाताळले, जिन्यावरच्या पोऱ्याचे फोटो काढले आणि म्हणाली, "मामा, तुमचा पेंटॅक्स घेऊन मी मागं गुऱ्हाळात गेलतो न्हवं? डोळ्याला लावला की आबा काम सोडून ताठ उभं राहायचं. टोपी नीट करायचं. माझं तोंड दिसत नाही म्हटल्यावर त्यास्नी तो फोटोच वाटायचा. पोटाशी धरला आणि त्यांच्याशी बोलत राहिलो, तर हात थांबणार नाही."

मी निरुत्तर झालो. खिडकीची माझी ओळ हीदेखील तक्त्यातलीच एक ओळ होती. फक्त माझ्या तक्त्यातली.

पोटाशी धरायला कॅननचाही पडदा बाहेर वळतो. म्हणजे तिथे दोघे सारखे. तेव्हा गाडी पुन्हा लेन्सवर आली. गुऱ्हाळात मागे सरकायला जागा नाही, पाठीशी उसाच्या मोळ्या. तेव्हा ५० ची लेन्स दोन्हींवर फार जवळचे दाखविणार. निकॉनची २४ मिलिमीटर, एफ १.७ ची छोटी लेन्स आहे. २०२३ साली ती याच आकाराच्या सेन्सरसाठी काढली. वजन १३५ ग्रॅम, किंमत बॉडीच्या निम्म्याहून कमी. आबा आणि काहील दोन्ही एका चौकटीत येतात आणि उजेडही भरपूर. कॅननच्या स्वतःच्या घराण्यात या सेन्सरसाठी अशी रुंद, मोठ्या तोंडाची आणि स्वस्त लेन्स मला सापडली नाही. २०२४ पासून सिग्माच्या लेन्स त्यावर बसू लागल्या आहेत, त्या चांगल्याही आहेत, पण वजनाने आणि किमतीने भारी. उद्या कोणी मला विचारले की शाळेच्या मैदानावर पोरांचा कबड्डीचा सामना टिपायचा आहे, तर मी कदाचित कॅननकडे बोट दाखवीन. ज्याच्या कपाटात कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स पडून आहेत त्याने तर दुसरीकडे पाहूच नये. साध्या अडॅप्टरवर त्या आर ५० वर नीट चालतात. त्यामुळे दाजींचा निकाल चुकीचा होता असेही मी म्हणत नाही. तो निकालच नव्हता.

झेड ३० ची नुसती बॉडी आणि ती २४ ची लेन्स. पक्के बिल घेतले, वॉरंटीच्या कागदावर शिक्का मारून घेतला. बिलाशिवाय चार हजार कमी करतो म्हणणारे बाजारात असतात. दुरुस्तीची वेळ आली की हसू कोणाचे होते ते त्यांना विचारू नये, त्यांच्या गिऱ्हाइकांना विचारावे. वाटेत एक घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल घेतले. झूम नाही म्हणून भाचीला काही दिवस पायांनी पुढेमागे व्हावे लागेल. तिचे पाय विसाव्या वर्षाचे आहेत.

दाजी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "पण मग त्या उरलेल्या तीन मेगापिक्सेलचं काय?" आक्का आतून काहीतरी म्हणाली, ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

रविवारी आम्ही सगळे गावी गेलो. गुऱ्हाळ पेटायला अजून अवकाश होता. आबा पडवीत एका दिव्याखाली बसून जुने फावडे नीट करीत होते. भाची त्यांच्या समोर पायरीवर बसली, कॅमेरा मांडीवर, आणि उसाला पाणी किती पाळ्या दिले ते विचारू लागली. आबा सांगत होते, मध्येच फावड्याच्या दांड्यावर हात फिरवीत होते. अर्धा तास गेला. मग ते म्हणाले, "पोरी, फोटो काढणार हुतीस न्हवं? कवा काढणार?"

"काढलं की आबा. चाळीस झालं."

आबांनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि हात वर नेऊन टोपी सारखी केली.